मंगळवारची नोंद

दत्तोपंतांच्या तेराव्याची जेवणं आटोपली, पुरुषमंडळी सतरंजीवर टेकली, आणि शामने गाडीची वही उघडून माझी नोंद सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "मंगळवार, अठरा मे. गाडी बाहेर काढली नाही. ब्रेक, पाणी, हवा ठीक. दिनानाथ मुळ्ये." मग वही मिटून तो दत्तोपंतांच्या साडूंना म्हणाला, "देखो भिया, हे सव्वीस वर्षं मिलच्या बॉयलरवर होते. ह्यांनी ठीक लिहिलं म्हणजे ठीकच होतं. बुधवारी सकाळी वहिनींचा पाय चुकला, और क्या. घाबरून होतं माणसाचं." माझ्या दाढेखाली सुपारीचं खांड होतं. ते फुटेना, आणि थुंकावं तर कुठे थुंकावं तेही कळेना. स्वयंपाकघराच्या दारात सुनीता विड्यांचं ताट घेऊन उभी होती. दत्तोपंतांची सून, देवेंद्रची बायको. त्या दिवशी गाडी तिने चालवली होती, तिच्या कपाळावर सहा टाके होते. शामचं बोलणं तिने पुरतं ऐकलं, ताट दारातच खाली ठेवलं आणि आत गेली. बोलायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. मंगळवारी मी गाडी बाहेर काढली होती आणि तिचा ब्रेक खाली जात होता. हे वाक्य तेरा दिवस मी गिळून बसलो होतो, आणि आता साडू मान डोलावत होते, देवेंद्र जमिनीकडे पाहत होता, आणि चौदाव्या दिवशी ते बोलणं आणखी अवघड होणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

गाडी चार घरांची होती. बँकेतला शाम, कॉलेजात शिकवणाऱ्या पद्मजाबाई, पिथमपूरच्या कारखान्यात जाणारा देवेंद्र आणि मी. कल्पना माझी होती आणि तिचा मला अभिमान होता, तेही सांगून टाकतो. शहाण्णव साली आमच्या परदेशीपुऱ्याच्या गल्लीत ज्याला सायकलचं पंक्चर काढता येत नव्हतं तोसुद्धा हप्त्यावर गाडी घ्यायला निघाला होता. रस्त्यावर टेम्पो काळा धूर ओकत होते आणि समोरच्या तळमजल्याच्या खिडकीशी दत्तोपंत बसून खोकत होते. मिलच्या पिंजण खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली होती, आता त्यांना खिडकी लावली तर गुदमरायला होई आणि उघडली तर धूर आत येई. मी म्हटलं, चार घरांनी चार गाड्या घेतल्या तर चार धूर ह्या माणसाच्या खिडकीसमोरून जातील. चौघांत एक घेऊ. शाम हसला होता, "दिनानाथजी, गाडी है, कोई सत्यनारायण का प्रसाद थोडी है." पण घेतली, एक जुनी पांढरी छोटी गाडी. धूर हा माझा विषय होता. करडा धूर म्हणजे कोळसा नीट जळतोय, काळा म्हणजे भट्टीवरचा माणूस झोपलाय. मिलच्या आवारात उभं राहून चिमणीकडे नुसती मान वर केली की मला कळायचं. त्या धुरावर माझं घर चाललं. मिल बंद झाली त्या आठवड्यात माझी बायको मनोरमा वाळत घातलेल्या चादरीवरून हात फिरवून म्हणाली, "बघा, आज काजळी नाही." मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने चादर घाईघाईने ओढून घेतली. इंदूरची हवा सुधारली असं पुढे लोक म्हणायचे तेव्हा मला नेहमी ती चादर आठवायची.

खरं तर गाडीपेक्षा वही माझी जास्त लाडकी होती. ती मी मिलच्या बॉयलरच्या वहीवरून आखली होती. तारीख, कुठे, जाताना मीटर, येताना मीटर, आणि शेवटी ब्रेक, पाणी, हवा. बॉयलरवर पाळी बदलताना जाणारा माणूस पाण्याच्या काचेतली पातळी आणि प्रेशर लिहून सही करायचा आणि येणारा त्याखाली सही करायचा. नियमात होतं की येणाऱ्याने काच स्वतः तपासावी. आमच्या मिलमध्ये तो अपमान समजत. जाणाऱ्याच्या देखत परत काच बघायची म्हणजे तू खोटारडा आहेस असं त्याच्या तोंडावर म्हणायचं. आम्ही एकमेकांच्या अक्षरावर भट्टी चालवली, आणि सव्वीस वर्षांत काही झालं नाही, म्हणून मला ते शहाणपण वाटत राहिलं. तेच मी गल्लीत आणलं. मागच्याने येताना लिहिलेला आकडा तोच पुढच्याने जाताना लिहायचा, परत मीटरकडे बघायचं नाही. पहिल्या महिन्यात पद्मजाबाईंनी वाकून मीटर ताडून पाहिला तर मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्या बिचाऱ्या खीर घेऊन आल्या. सुनीताला गाडी मीच शिकवली, मिलच्या बंद फाटकासमोरच्या मोकळ्या जागेवर, आणि पहिल्या दिवशी तिला स्टिअरिंगच्या आधी वही दाखवली. मुलगी शांत डोक्याची आहे. एकदा म्हैस आडवी आली तेव्हा मी ओरडलो होतो, ती नाही. शाम तेराव्याला "घाबरून होतं" म्हणाला तेव्हा तिथे बसलेल्यांत ते खोटं आहे हे सर्वांत चांगलं मला माहीत होतं.

मिल गेल्यावर मी देवासच्या रस्त्यावरच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात बॉयलरवर लागलो होतो. यंदा जानेवारीत त्यांनी नवा ऑटोमॅटिक बॉयलर आणला. त्याला बटण आहे. त्याला माणूस लागतो तो बटणाजवळची धूळ पुसायला, आणि तो त्यांच्याकडे होता. गल्लीत मी सांगितलं की नव्या बॉयलरवर मलाच बोलावणार आहेत, कागद निघायचे आहेत. मनोरमालाही तेच सांगितलं. चार महिने लोक कागदाची चौकशी करत राहिले आणि मी ऐटीत उत्तरं देत राहिलो. मग मे महिन्यात पेपरात जाहिरात पाहिली. विजय नगरला नव्या गाड्यांचं एक शोरूम उघडलं होतं, त्यांना फाटकावर गार्ड हवा होता. अठरा तारखेला मनोरमा बहिणीकडे देवासला गेलेली, मंगळवार म्हणजे गाडीचा माझा दिवस, दुपारचा एक वाजलेला, गल्लीत सगळ्यांच्या खिडक्या बंद आणि कूलर घरघरतायत. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि निघालो. टेम्पोने गेलो असतो तर सदरा घामाने भिजला असता, एवढ्यासाठी गाडी काढली. शोरूमच्या दोन गल्ल्या अलीकडे एका अर्धवट बांधलेल्या घरामागे ती उभी केली, कारण गार्डची नोकरी मागायला कुणी गाडीतून येत नाही.

आतला मॅनेजर हृषीकेश नावाचा तरुण मुलगा होता, नुकताच पुण्याहून आलेला. हिंदीत बोलला असता तर निभावलं असतं. आडनाव ऐकून तो खुलला आणि स्वच्छ मराठीत बोलू लागला. "काका, इतकी वर्षं इथे राहून तुमचं मराठी छान आहे हो." मग अदबीने म्हणाला, "ग्राहकाची गाडी आत येताना सलाम करायचा असतो. एकदा करून दाखवता?" मी केला. काचेच्या भिंतीत मला मी दिसलो. मागे ओळीने नव्या कोऱ्या गाड्या, प्रत्येक घराला एक, आणि पुढे सलाम करणारा फर्स्ट क्लास सर्टिफिकेटवाला बॉयलर अटेंडंट. "कोपर जरा वर," तो म्हणाला. पुन्हा केला. एका पोराने माझ्या छातीला फीत लावून वर्दीचं माप घेतलं. "एक तारखेपासून या," हृषीकेश म्हणाला, आणि बाहेर सोडायला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं. इतकी लाज मला मिलचं फाटक बंद झालं तेव्हाही वाटली नव्हती. मिल बंद झाली तेव्हा आम्ही हजारो होतो.

परतताना पाटणीपुऱ्याच्या चौकात पुढचा टेम्पो थांबला. मी ब्रेक दाबला तर पाय थेट खाली गेला. पुन्हा दाबला तेव्हा लागला. टेम्पोच्या मागच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. टेम्पोवाला मागे वळून म्हणाला, "अंकल, सो गए थे क्या?" गल्लीच्या तोंडाशी आल्यावर परत तसंच झालं. ब्रेकचं तेल कुठूनतरी गळतंय हे कळायला बॉयलरवाला असण्याची गरज नाही. घरी येऊन पाणी प्यायलो आणि वही उघडली. 'कुठे' ह्या रकान्यापाशी पेन थांबलं. विजय नगर लिहिलं तर संध्याकाळी शाम विचारणार, क्यों दिनानाथजी, नई गाडी देखने? दवाखाना लिहावं, देऊळ लिहावं, तर ते जमेना. खोटं ठिकाण लिहिणारा माणूस मी नव्हतो. म्हणून मी लिहिलं की गाडी बाहेर काढली नाही, आणि मीटरचा सोमवारचाच आकडा खाली उतरवला. आता जी गाडी बाहेर निघालीच नाही तिचा ब्रेक खाली कसा जाणार? पुढचं 'ठीक' माझ्या हाताने आपणहून लिहिलं. बुधवार देवेंद्रचा, पण तो कारखान्याच्या बसने जातो, म्हणजे गाडी उभीच राहणार. उद्या उन्हं वाढायच्या आत गुपचूप मेकॅनिककडे नेऊन आणू असं मी ठरवलं, आणि चक्क झोप लागली.

सकाळी साडेसहाला मी गॅलरीत दात घासत होतो. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सुनीता शिकवते त्या शाळेला सुट्टी लागलेली, महूला कुणी ओळखीचे लष्करातले डॉक्टर होते, ते दत्तोपंतांची छाती तपासणार होते. हे मला नंतर कळलं. दत्तोपंत पुढच्या सीटवर बसले होते, काच पूर्ण खाली केलेली, टोपी मांडीवर. माझं तोंड फेसाने भरलेलं. मी हात वर केला. दत्तोपंतांनीही हात वर केला, सुनीता हसली, आणि गाडी वळली. थुंकून ओरडायला किती वेळ लागला असता? मी स्वतःला सांगतो की मला वाटलं, दुसऱ्यांदा दाबलं की ब्रेक लागतो, तिच्या लक्षात येईल. पण त्याच्या आधी मला काय वाटलं ते मला पक्कं आठवतं. ओरडलो तर ती विचारेल, काका, तुम्हाला कसं कळलं. तेवढ्यात गाडी कोपऱ्यावरून गेली. मी चूळ भरली, चहा ठेवला, दूध उतू गेलं ते पुसलं. महूच्या वाटेवर, राऊच्या अलीकडे, रस्त्याच्या कामाच्या गिट्टीचा एक ट्रक उभा होता. गाडीची डावी बाजू त्याच्याखाली गेली.

सुनीता पहिल्या तासापासून एकच सांगत होती की ब्रेक लागला नाही. तपासायला आलेला माणूस म्हणाला, पुढचं सगळं चेपलंय, पाइप तुटलेत, आधीचं काही कळायला मार्ग नाही. पाचव्या दिवशी गाडी तिथेच राऊला भंगारात गेली, मीटरसकट. राहिली ती वही, आणि वहीत मी होतो. देवेंद्र आवाज चढवणारा माणूस नाही. त्याने फक्त तिच्या हातचा चहा घेणं सोडलं. त्यांची सात वर्षांची मुलगी प्राची दिवसांसाठी आलेल्या आत्याजवळ झोपू लागली. मग तिसऱ्या कुणाकडून कळलं की येत्या रविवारी सुनीताला खंडव्याला माहेरी पाठवतायत, थोडे दिवस. किती दिवस, हे कुणी सांगत नव्हतं आणि कुणी विचारत नव्हतं. प्राची इथेच राहणार होती. "आईला सोडून राहील पोरगी?" मनोरमाने मला विचारलं, जणू मला माहीत असणार.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी एक जून होता. मी इस्त्रीचा सदरा घातला. विजय नगरला जायचं की समोर जायचं, हे जिना उतरेपर्यंत माझं मला ठरत नव्हतं. समोर गेलो. देवेंद्र कामावर गेला होता, आत्या प्राचीला घेऊन बाजारात. सुनीता पुढच्या खोलीत जमिनीवर बसून दत्तोपंतांचे सदरे घड्या करून गाठोड्यात ठेवत होती, कुणाला तरी द्यायचे असतील. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सुनीता, त्या मंगळवारी मी गाडी नेली होती."

तिने हातातली घडी पुरी केली. "हो. नऊ किलोमीटर," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो.

"बसताना मीटरवर नजर गेली, काका. तुमच्या आकड्यात नि त्यात नऊचा फरक. बाबांना दाखवला पण. ते म्हणाले, दिनानाथने लिहिलंय ना, मग तोच टाक. मीटर पुराना झालाय, तो काय दिनानाथपेक्षा खरा आहे? मी तुमचाच आकडा टाकला."

"आणि ब्रेक?"

"शहरात दोनदा खाली गेला. मतलब, पूरा नाही, थोडा. मला वाटलं माझाच पाय नीट पडत नाहीये. वहीत ठीक लिहिलं होतं ना." तिने दुसरा सदरा उचलला. तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा सपाट होता आणि तो मला सहन होत नव्हता. "आता सगळे म्हणतात, पाय चुकला. मीसुद्धा तेच म्हटलं होतं, त्यांच्या आधी."

"तू हे कुणाला बोलली का नाहीस?"

"कौन मानेगा, काका? वहीत माझ्याच हाताने तुमचा आकडा आहे." मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ह्यांना सांगा. संध्याकाळी सहाला येतात. आणि कुठे गेला होतात ते पण सांगा. मला नका सांगू, ह्यांना सांगा. त्याच्याशिवाय ह्यांना पटणार नाही. मी ओळखते ना."

दिवसभर मी ते वाक्य तयार केलं. विजय नगरच्या शोरूममध्ये गार्डच्या नोकरीला गेलो होतो. त्यात आहे काय? इंदुरात निम्मे मिलवाले गार्ड झालेत, बाकीचे निम्मे व्हायची वाट बघतायत. आरशासमोर म्हणून पाहिलं, न अडखळता आलं. मनोरमा म्हणाली, "काय पुटपुटताय?" सहा वाजता मी समोर गेलो. देवेंद्र नुकताच हातपाय धुऊन बसला होता, मुंडण केलेल्या डोक्यावर केसांची खुंटं उगवलेली, दत्तोपंतांच्याच खुर्चीत, खिडकीशी. सुनीताने पाण्याचे दोन पेले आणून ठेवले आणि आतल्या दाराशी उभी राहिली. मी म्हणालो, "देवेंद्र, माझी नोंद खोटी आहे. मंगळवारी दुपारी मी गाडी नेली होती. ब्रेक खाली जात होता. मला माहीत होतं. सुनीताची काही चूक नाही."

खिडकीबाहेरून एक टेम्पो गेला आणि धुराचा वास खोलीत आला. "कुठे गेला होतात, काका?" त्याने विचारलं.

वाक्य तयार होतं. मी तोंडही उघडलं. काचेच्या भिंतीतला तो वर गेलेला हात मला दिसला, कोपर जरा वर, आणि हा पोरगा, ज्याला मी लहानपणी मिलमध्ये नेऊन बॉयलरचं धडधडणारं दार दाखवलं होतं, जो तेव्हा घरी जाऊन म्हणाला होता की दिनानाथकाका मिल चलाते हैं, तो माझ्याकडे पाहत होता. "असंच," मी म्हणालो. "पाटणीपुऱ्याकडे. एक काम होतं."

"भर दुपारी? त्या लूमध्ये?"

"हो."

"काय काम?"

मी पेला उचलला आणि पाणी प्यायलो. सुनीता दारातून माझ्याकडे बघत होती, नुसती वाट बघत होती. ठिकाण सांगणं, एवढंच शिल्लक होतं. मी म्हणालो, "होतं काहीतरी. आता आठवत नाही."

देवेंद्रचा चेहरा सैल झाला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रहने दो, काका," तो म्हणाला. "तुम्ही असं काहीतरी करणार हे मला वाटलंच होतं. तिला जावं लागतंय ते तुम्हाला बघवत नाही, म्हणून स्वतःवर घ्यायला आलात. बाबा म्हणायचे, दिनानाथला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही. पण तुम्हाला खोटं बोलता येत नाही, काका. कधी आलंच नाही." आणि तो उठला, वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला. माझा हात सवयीने त्याच्या डोक्यावर गेला. ती केसांची खुंटं तळव्याला टोचली. मी सांगितलं होतं, त्याने मानलं नव्हतं, ह्यापुढे मला कुणी विचारणार नव्हतं. माझ्या छातीतलं सगळं एकदम मोकळं झालं, इतकं की मी मोठा श्वास घेतला, आणि घेत असतानाच मान वर केली. सुनीताला तो श्वास दिसला. पुढे येऊन तिने माझा रिकामा पेला उचलला आणि आत नेऊन विसळायला घेतला.

रविवारी सकाळच्या बसने ती खंडव्याला गेली. आज ऑगस्टची वीस तारीख आहे. प्राची रोज दुपारी आमच्याकडे येते, मनोरमा तिची वेणी घालते. थोड्या दिवसांची गोष्ट आहे असं देवेंद्र म्हणतो, आणि मी हो म्हणतो.